क्लासची चावी आणि एक न चालणारी अट

मी, मल्लिनाथ चनबसप्पा हत्तरकी, वय वर्षे सत्त्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक व त्यानंतर कॉम्प्युटर क्लासचा चालक, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणी धाक न घालता, कोणी लाडीगोडी न लावता, सकाळचा चहा झाल्यावर आणि पूर्ण भानावर राहून लिहून ठेवतो. याआधी मी एक मसुदा केला होता. त्यावर सही नाही. त्यातल्या एका अटीचे काय झाले ते कलम आठमध्ये येईल.

कलम एक. माझ्या भानाविषयी.

गेल्या श्रावणात मला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. उजवा हात आता बराच वळतो, पण शब्द अडतात. वस्तू समोर असते, तिचा उपयोग माहीत असतो, नाव मात्र जिभेपर्यंत येऊन माघारी जाते. चष्मा मागायचा असतो आणि मी "ते डोळ्यांवरचं" म्हणतो. कोणी पहिले अक्षर दिले की शब्द आपल्या पायांनी चालत येतो. डॉ. श्रीदेवी म्हमाणे यांनी मला तपासून समज शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार, महिना आणि मुलीचे नाव विचारले. मी तिन्ही सांगून वर एकोणतीसचा पाढा म्हणायला घेतला. त्यांनी मध्येच हात जोडले.

कलम दोन. हे कसे लिहिले त्याविषयी.

माझे वकील ॲड. बिरदेव कोळेकर हे एके काळचे माझे विद्यार्थी. ते मला अजून सर म्हणतात, म्हणून मी त्यांना इथून पुढे बिरदेव म्हणतो. तो म्हणाला, "सर, मोबाईलवर नका लिहू. त्यात पुढचा शब्द आपोआप सुचतो. उद्या कुणी म्हणालं, ही इच्छा म्हाताऱ्याची न्हाई, कीबोर्डची हाय, तर मी काय सांगू?"

मी खूश झालो. मग साध्या एडिटरमध्ये टाइप करायला बसलो. साधा एडिटर म्हणजे कोरी पाटी. तो रंग देत नाही, सुचवत नाही, चुकीखाली लाल रेघ ओढत नाही. एक उभी काडी लुकलुकत राहते आणि आपली वाट बघते. आयुष्यभर मी पोरांना हाच शिकवला.

पण शब्द अडल्यावर काय? माझी मुलगी महेश्वरी अक्षर द्यायला तयार होती. बिरदेवने मनाई केली. जिला मिळणार तिचे अक्षरही यात नको म्हणाला. म्हणून शेजारचे सिद्रामप्पा शेटे, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी खुर्ची टाकून बसले. ते मनाने सोने आहेत, पण अक्षर देण्याचा सराव नाही. मला "तजवीज" हा शब्द हवा होता. "त"पर्यंत मी स्वतः पोचलो होतो.

"तवा?" सिद्रामप्पा म्हणाले.

"तवा कुणाला देऊ?"

"मग तांब्या?"

"अहो, मृत्युपत्र चाललंय. भांड्याचं दुकान न्हाई."

"तसं नीट सांगा की मग," म्हणाले आणि रुसून चहा प्यायला गेले. तेवढ्यात शब्द आला.

तर या मजकुरातले सगळे शब्द माझे आहेत. सिद्रामप्पांचा एकही लागू पडला नाही.

कलम तीन. घर आणि शिल्लक.

बाळीवेशीतले राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत माझ्या नावे जे काही निघेल ते, माझ्या एकुलत्या एक मुलीला, महेश्वरीला मिळावे. घराची पुढची खोली, जिथे क्लास आहे, ती या कलमात नाही. तिची वेगळी तजवीज पुढे केली आहे. घराच्या माडीवर उन्हाळ्यात झोपवत नाही, तरी पश्चिमेची खिडकी बुजवू नये. तिथून सिद्धेश्वराच्या तळ्यावरून परतणारे बगळे दिसतात. चंद्रव्वा, माझी बायको, ती जिवंत असेपर्यंत तिथे बसून गहू निवडायची आणि बगळ्यांना नावे ठेवायची. "तो बघा, तुमच्यासारखा. थवा पुढं गेला, ह्यो आपला वर बघत उडतोय."

कलम चार. जेऊरचे दुकान.

जेऊर स्टेशनाजवळचे वडिलार्जित किराणा दुकान पुतण्या सिद्धू याने चालवले आहे, त्यालाच मिळावे. त्याने एका लग्नाच्या पंगतीत, मी दोन पाने पलीकडे जेवत असताना, "काका कॉम्प्युटरवर कविता शिकवतात" असे सांगून सगळी रांग हसवली होती. ते मी विसरलेलो नाही. दुकान तरी त्याचेच. एवढेच की दुकानाच्या फळीवर बसून त्याने लहानपणी माझ्याकडून पाठ केलेली कविता अजून येते का, हे बिरदेवने त्याला एकदा विचारावे. नाही आली तरी दुकान द्यावे.

कलम पाच. पाठ्यपुस्तके.

मराठीची जुनी शालेय पाठ्यपुस्तके, जी मी रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून आणि नातेवाइकांच्या माळ्यांवरून गोळा केली, ती जेऊरच्या माझ्या शाळेला द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत. पोरांच्या हातात फाटली तरी चालतील.

त्या शाळेत आम्हाला बाळासो मास्तर होते. पुस्तकातल्या कविता संपल्या की ते स्वतः रचलेल्या शिकवत. त्यातल्या एकीच्या दोन ओळी कुठल्याच पुस्तकात नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो:

माळावरती उभी एकटी बाभळ वारा झेले,
गाडी गेली दूर तरीही रूळ कुणाशी बोले.

शाळेतून रूळ दिसायचे. गाडी गेल्यावर आम्ही धावत जाऊन रुळाला कान लावत असू आणि तो खरेच बोलत असे. मास्तर कविता म्हणायला उभे करत. पोरगे अडले की ते छडीकडे बघत नसत. थोडे थांबत, त्याला शोधू देत, आणि मग नुसते ओठ हलवून पहिले अक्षर देत. रू… एवढ्यावर सबंध ओळ धावत यायची. त्या अक्षरासाठी मी कधी कधी मुद्दाम अडत असे.

कलम सहा. उखळ आणि मिक्सर.

चंद्रव्वाचे शेंगाचटणीचे उखळ महेश्वरीला. ते स्वयंपाकघरातून हलवू नये. आमचा क्लास सुरू झाला तेव्हा पुढच्या खोलीत पोरे मोठ्याने प्रोग्राम वाचत आणि मागे उखळ चाले. कंस उघडला की मिटवायचा, हे मी दिवसभर ओरडत असल्याने ते तिच्या तोंडी बसले होते. कोणी दार उघडे टाकून गेले की ती आतून म्हणे, "कंस मिटव की रे, मांजर येतंय."

उखळाच्या चटणीची सर मिक्सरला नाही, असे मी चारचौघांत सांगत आलो. तिचे हात दुखू लागल्यावर तिने मला मिक्सरची चटणी उखळाची म्हणून खायला घातली. मी बोटे चाटून खाल्ली आणि सिद्रामप्पांना उखळाचे गुण सांगितले. एके दिवशी ती पदर तोंडाला लावून हसत सुटली तेव्हा कळले. म्हणून मिक्सरही महेश्वरीलाच, उखळाच्या शेजारी ठेवावा.

कलम सात. किरकोळ.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारे आमचे पहिले मशीन बंद पडलेले आहे. ते कोणाला देऊ नये, क्लासच्या कोपऱ्यात असू द्यावे. सिद्रामप्पा साक्षीदार आहेत, त्यामुळे बिरदेवच्या सल्ल्याने त्यांना काहीही देता येत नाही. माझ्याकडे असलेली काळी छत्री मुळात त्यांचीच आहे. ती परत करणे ही देणगी समजू नये.

कलम आठ. चंद्रा कॉम्प्युटर क्लास.

हे कलम लांबेल. बिरदेव म्हणाला, "सर, कारणं लिहू नका, फक्त कोणाला काय ते लिहा." पण कारणावाचून हे समजणार नाही.

माझ्या क्लासात नियम असा होता: पोराने कोऱ्या एडिटरमध्ये स्वतःच्या बोटांनी प्रोग्राम लिहायचा, उभे राहून तो कवितेसारखा मोठ्याने वाचायचा, आणि मगच चालवायचा. चुकले तर वाचतानाच जीभ अडखळते. महेश्वरी याच खोलीत शिकली आणि मग माझ्यासोबत याच खोलीत शिकवू लागली. मग तिला क्लासात आयडीई आणायचे होते. आयडीई म्हणजे सगळा संसार बरोबर घेऊन येणारे सॉफ्टवेअर. लिहायची जागा, चालवायचे बटण, चूक शोधायची सोय सगळे एकातच. शब्दांना रंग देते, चुकीखाली लाल नागमोडी रेघ ओढते आणि दोन अक्षरे लिहिली की उरलेला शब्द समोर धरते.

मी म्हणालो, "याने पोरांची बोटे शिकतील, डोके नाही."

ती म्हणाली, "अप्पा, कंपनीत कुणी कविता म्हणायला उभं करत न्हाई. तिथं ढिगानं फायली असतात. एक नाव बदललं की ते कुठं कुठं वापरलंय हे साध्या एडिटरात हुडकत बसलं तर पोरं घरी जायची कधी?"

"आधी एक फाईल तरी पाठ होऊ दे."

"पाठ कशाला? समजली की झालं की."

"पाठ झाल्याशिवाय समजत नाही."

"तुमी भाकरी आयती खाता. ज्वारी दळून आणा म्हणते का मी तुमाला?"

"भाकरी थापायला शिकणाऱ्याला आयती भाकरी देऊन शिकवत नसतात, महेश्वरी."

दोघांचेही म्हणणे चांगले होते, म्हणूनच कोणी मागे हटले नाही. ती एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला लागली. घर तेच, स्वयंपाकघर तेच, रोज मला वाढणार तीच, पण क्लासच्या खोलीत तिने पाऊल टाकले नाही. गेली तीन वर्षे ती मागच्या दाराने ये-जा करते. कॉलेजची बस पुढच्या रस्त्यावर येते, तरी गल्लीला वळसा घालून जाते. मीही तिला बोलावले नाही. तिच्या आईचाही स्वभाव असाच होता आणि माझाही.

त्या रागात मी बिरदेवकडून मसुदा करून घेतला. त्यातले कलम असे होते:

// सदर खोली व क्लास महेश्वरीस मिळेल, परंतु पहिल्या सत्रात
// विद्यार्थ्यांना साध्या एडिटरखेरीज अन्य काही वापरू दिल्यास
// सदर खोली पुतण्या सिद्धू याजकडे जाईल.

मग श्रावण आला आणि झटका. दवाखान्यात जीभ जरा सुटली तेव्हा मी आपल्याशीच मास्तरांची कविता म्हणून पाहत होतो. गाडी गेली दूर तरीही, इथे थांबलो. पुढे पांढरे. इतक्या वर्षांत ती ओळ मला कधी सोडून गेली नव्हती. महेश्वरी खाटेशेजारी मोसंबे सोलत होती. तिने मान वर केली नाही. नुसती म्हणाली, "रू…"

आणि रूळ बोलू लागला.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "तुझे ते आयडीई दाखव बघू." तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मी डाव्या हाताने दोन अक्षरे टाइप केली. खाली फिकट अक्षरांत शब्दांची रांग उतरली. मला मास्तरांचे ओठ दिसले.

पण मी मास्तर आहे, चूक काढणारच. म्हणालो, "बाळासो मास्तर अडल्यावर अक्षर द्यायचे. हे अडायच्या आधीच देतंय. पोराने शोधायचे कधी?"

"ते बंद ठेवता येतं की अप्पा."

"काय?"

"सुचवणं. सेटिंगमध्ये बंद करायचं. मग अडलं की दोन बटणं दाबून मागायचं. मागितलं तरच देतं. रंग बी काढता येतात. पाहिजे तर तुमच्या पाटीसारखं कोरं करून देते."

मी म्हणालो, "मग आपण तीन वर्षे भांडलो कशाला?"

"तुमी ते उघडून बघितलंच कुठं?"

"तू सांगायचे होतेस."

"मला बी तेव्हा ठाऊक न्हवतं," म्हणाली आणि लॅपटॉप मिटून भाकरीकडे वळली. तिची पाठ हलत होती. हसत होती की आणखी काही, ते पाठीवरून कळत नाही.

मी तिला म्हणालो, परत ये क्लासात. ती म्हणाली, "अट घालून बोलावणार असाल तर नको अप्पा. सकाळी सुचवणं बंद ठेवायचं का चालू, हे समोरच्या पोराकडं बघून मी ठरवणार. कुणाला कोरी पाटी लागते, कुणाला हात धरावा लागतो. तुमी कागदावर लिहून ठेवलं तर मी पोराकडं बघू का कागदाकडं?" मसुद्याबद्दल तिला माहिती नव्हती. मला मात्र तो कागद अंगाखाली रुतल्यासारखे झाले.

म्हणून वर त्या तीन ओळींच्या आधी दोन-दोन तिरप्या रेघा ओढल्या आहेत. प्रोग्राममध्ये अशा रेघा ओढल्या की यंत्र ती ओळ सोडून पुढे जाते. माणसाला ती वाचता येते, पण ती चालत नाही. बिरदेव म्हणाला, "सर, कायद्यात असं नसतं. खोडा तरी, न्हाईतर ठेवा तरी." मी म्हणालो, तूच माझ्या क्लासात रेघा ओढायला शिकलास, आता मला शिकवू नकोस. शेवटी तडजोड झाली ती अशी: रेघांच्या ओळी केवळ आठवण म्हणून ठेवल्या आहेत, त्या कोणावर बंधनकारक नाहीत, आणि कोणत्याही न्यायालयाने त्या अट म्हणून वाचू नयेत. खोडून टाकले असते तर मी कधी तसा हट्टी नव्हतोच असे झाले असते. महेश्वरीने तिचा अप्पा होता तसा बघावा.

अट नाही, नुसती इच्छा सांगतो. प्रत्येक पोराला एकदा तरी कोऱ्या पडद्यासमोर बसवावे. ती उभी काडी लुकलुकत असते आणि कोणी काही सुचवत नसते, तेव्हा आपल्या आत काय आहे ते समजते. भीती वाटते, वाटू द्यावी. मग अडले की अक्षर द्यावे. हेही पटले नाही तर सोडून द्यावे.

सबब, पुढची खोली, तिच्यातली सर्व मशीने, फळा, बाके आणि माजघरातल्या खिळ्याला टांगलेली चावी, कोणत्याही अटीविना, माझी मुलगी महेश्वरी हिला मिळावी.

कलम नऊ. शेवटचे.

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. मला चंद्रव्वाशेजारी जागा बघावी. भाषणे करू नयेत. कोणी कविता म्हटली तर म्हणू द्यावी, आणि म्हणणारा अडला तर हसू नये, पहिले अक्षर द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बिरदेवने करावी. काही अडले तर त्याने महेश्वरीला विचारावे.

वाचनाची नोंद.

एवढा भाग हाताने लिहीत आहे. अक्षर तिरके येते, क्षमा असावी.

मोठ्याने वाचल्याशिवाय काही चालवायचे नाही हा आमचा नियम, म्हणून सहीआधी मी हे सगळे साक्षीदारांसमोर माजघरात वाचले. महेश्वरीने त्या वेळी जवळ नसावे असे ठरले होते. "कुठं बसू मग?" तिने विचारले. "ताई, जरा लांब," बिरदेव म्हणाला. तिने इकडेतिकडे पाहिले, खिळ्यावरची चावी काढली आणि क्लासच्या खोलीत जाऊन मधले दार ओढून घेतले. मी वाचायला सुरुवात केली.

कलम आठच्या शेवटापर्यंत मी न अडखळता आलो. पाठ झालेला मजकूर वाचताना डोळे कागदावरून उचलायची मला शाळेपासूनची सवय. "कोणत्याही अटीविना, माझी मुलगी" एवढे म्हणून डोळे उचलले, आणि पुढे पांढरे. कागदाकडे पाहिले तर अक्षरे होती, त्यांना आवाज नव्हता.

"श…" सिद्रामप्पांनी मदत केली. "श्रीदेवी?"

"मी हितं हाय की, काका," डॉक्टर म्हणाल्या.

बिरदेवने हात वर करून सगळ्यांना गप्प केले. मी शोधत होतो. सगळ्यांनी मला शोधू दिले. मग मधल्या दारापलीकडून, बाकाच्या बाजूने, हळू आवाज आला.

"म…"

बिरदेव खुर्चीतून उठला. मी त्याला हातानेच बसवले आणि माझ्या मुलीचे नाव पूर्ण म्हटले.

बिरदेवच्या आग्रहावरून नमूद करतो: वाचताना एक अक्षर लाभार्थीकडून मिळाले. मजकूर त्याआधी छापलेला होता, त्यात बदल नाही.

कलम नऊ वाचत असताना पलीकडे मशीन सुरू झाल्याची घरघर येऊ लागली. वाचन संपले तेव्हा मधले दार आणि क्लासचे रस्त्यावरचे पुढचे दार, दोन्ही उघडी होती आणि माजघरापर्यंत ऊन आले होते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समक्ष सही करून ठेवले.

स्थळ: बाळीवेस, सोलापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही
मल्लिनाथ चनबसप्पा हत्तरकी

मृत्युपत्रकर्त्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार
१. डॉ. श्रीदेवी म्हमाणे, सोलापूर
२. सिद्रामप्पा शेटे, निवृत्त पोस्टमास्तर, बाळीवेस. छत्री मिळाली.